वाचक विचारतात : पेटरची भक्तिगीतं आणि आपला छोटा क्वायर

गेल्या अंकात मोरेव्हियन चर्च या जुन्या प्रोटेस्टंट पंथाच्या अठराव्या शतकातल्या संगीतावर अर्ध्या पानाची नोंद दिली होती. योहान फ्रीडरिश पेटर याने अमेरिकेतल्या लहान वसाहतींमधल्या हौशी गायक-वादकांसाठी रचलेली भक्तिगीतं आजच्या छोट्या क्वायरलाही पेलतील, एवढंच त्या नोंदीत म्हटलं होतं. त्यावर सोलापुरातून बरीच पत्रं आली. बहुतेकांना इतिहासापेक्षा ‘बसवायचं कसं’ हेच विचारायचं आहे. त्यामुळे उत्तरांचा भरही तिथेच आहे.

प्रश्न : मोरेव्हिया आजच्या चेक प्रजासत्ताकात आहे. मग पेटर अमेरिकन कसा? आणि तो धंद्याने संगीतकार होता का?
— एक वाचक, सात रस्ता

पेटरचा जन्म मोरेव्हियातलाही नाही आणि अमेरिकेतलाही नाही. बोहेमियातले धर्मसुधारक यान हुस यांना १४१५ मध्ये कॉन्स्टन्स इथे जाळण्यात आलं. त्यांच्या विचारांतून १४५७ मध्ये बोहेमियातल्या कुनवाल्ड गावी बंधुसंघ उभा राहिला, तोच पुढचा मोरेव्हियन चर्च. १६२० मध्ये बोहेमियातल्या प्रोटेस्टंटांचा पराभव झाल्यावर या लोकांना घरदार सोडावं लागलं किंवा लपून राहावं लागलं. पुढे १७२२ मध्ये मोरेव्हियातून निघालेल्या काही कुटुंबांनी जर्मनीतल्या सॅक्सनीत, काउंट त्सिन्त्सेनडोर्फच्या जमिनीवर, हेर्नहूट हे गाव वसवलं. तिथून ही मंडळी जगभर गेली आणि नाव मात्र जुन्या प्रांताचंच राहिलं.

पेटर १७४६ मध्ये नेदरलँड्समधल्या हेरेनडाइक या मोरेव्हियन वस्तीत एका जर्मन कुटुंबात जन्मला. जर्मनीतल्या मोरेव्हियन शाळांत शिकला आणि १७७० मध्ये पेनसिल्व्हेनियात आला. १७८० ते १७९० ही दहा वर्षं तो नॉर्थ कॅरोलायनातल्या सेलम गावी होता. त्याचं महत्त्वाचं काम याच काळातलं. १८१३ मध्ये बेथलेहेम, पेनसिल्व्हेनिया इथे तो वारला. धंद्याने संगीतकार म्हणाल तर नव्हे. शाळेत शिकवणं, मंडळीचं दप्तर आणि रोजनिशी लिहिणं, उपदेश करणं ही त्याची नेमून दिलेली कामं. संगीत त्यांच्या जोडीला. तरी त्याच्या हातून शंभराच्या आसपास भक्तिगीतं झाली. १७८९ मध्ये त्याने दोन व्हायोलिन, दोन व्हायोला आणि एक चेलो अशा संचासाठी सहा पंचकंही लिहिली. अमेरिकेत रचलेलं आणि आज हाती असलेलं सर्वांत जुनं चेंबर संगीत (मोजक्या वादकांसाठीचं संगीत) म्हणून तीच ओळखली जातात.

प्रश्न : आमच्या क्वायरमध्ये सतरा जण आहेत. सात सोप्रानो (बायकांचा उंच आवाज), पाच ऑल्टो (बायकांचा खालचा), दोन टेनर (पुरुषांचा उंच), तीन बास (पुरुषांचा खालचा). टेनर दोनच असल्याने चार आवाजांचं काही हाती घ्यायला धीर होत नाही. पेटरचं जमेल का?
— क्वायर बसवणाऱ्या एक ताई, रेल्वे लाईन्स

जमेल, ताई. तो लिहीतच होता अशा क्वायरसाठी. त्या काळच्या मोरेव्हियन भक्तिगीतांत नेहमी दिसणारी मांडणी म्हणजे पहिला सोप्रानो, दुसरा सोप्रानो, ऑल्टो आणि बास. यात टेनरची ओळच नाही. अडचण नंतरच्या छापील आवृत्त्यांमुळे होते. आजच्या चर्चना सोयीचं व्हावं म्हणून संपादक पुष्कळदा मधली एखादी ओळ टेनरला देतात, आणि मग दोन टेनरवर सगळा डोलारा येतो. मागवतानाच ‘दोन सोप्रानो, ऑल्टो, बास’ अशी मूळ मांडणीची प्रत मागा.

आता वाटणी. सात सोप्रानोंपैकी चार पहिल्या ओळीवर, तीन दुसऱ्या ओळीवर ठेवा. आणि चुणचुणीत वाचणाऱ्या तिघी दुसऱ्या ओळीवर द्या. सर्वांत खणखणीत आवाज पहिल्या ओळीवर टाकण्याचा मोह होतो, पण इथे तो आवरावा. दुसरा सोप्रानो बहुतेक वेळ पहिल्याच्या खालून, तिसऱ्या स्वराचं अंतर राखून चालतो. कान जरा सैल पडला की ती ओळ वरच्या ओळीला जाऊन चिकटते. हे झालंय हे ओळखायचं कसं? सात-आठ मात्रागट गेल्यावर सूर भरीव लागण्याऐवजी पोकळ लागायला लागतो, कारण तीन स्वरांपैकी एक गायबच झालेला असतो. उपाय सोपा आहे. पहिल्या दोन तालमींत पहिल्या सोप्रानोला गप्प बसवून दुसरा सोप्रानो आणि बास एवढ्याच दोन ओळी गाऊन घ्या. त्या दोन ओळी एकमेकींना पक्क्या झाल्या की वरची ओळ आली तरी त्या हलत नाहीत.

दोन टेनरना ऑल्टोच्याच ओळीवर, त्याच उंचीवर गाऊ द्या. पेटीच्या भाषेत, मधल्या पांढरी एकच्या वरच्या पांढरी पाचपर्यंत त्यांनी गावं. ओळ त्याच्या वर गेली तर सोडून द्यावी आणि खाली आली की पुन्हा धरावी. तिथे जोर लावला तर ऑल्टोपेक्षा टेनरच ऐकू येतो. पाच ऑल्टोंना या आधाराने चांगलं बळ मिळतं.

एक गोष्ट मात्र करू नका. दुसऱ्या सोप्रानोची ओळ टेनरला एक सप्तक खाली देऊ नका. कागदावर हे निरुपद्रवी दिसतं, पण दोन ठिकाणी दगा देतं. दुसरा सोप्रानो आणि ऑल्टो जिथे चौथ्या स्वराचं अंतर राखून सोबत सरकतात, तिथे वरची ओळ सप्तकभर खाली आणली की तेच अंतर पाचव्या स्वराचं होतं. समांतर पंचमांचा तो कोरडा, उघडा आवाज या शैलीत मुळीच खपत नाही. दुसरं, टेनर अधूनमधून बासच्याही खाली जातो, आणि मग सर्वांत खालचा स्वर बदलल्यामुळे सगळा स्वरसमूहच डळमळल्यासारखा वाटतो. की-बोर्डवर बासची ओळ आणखी एक सप्तक खाली वाजत असेल तर हा दुसरा दोष झाकला जातो. पहिला तसाच राहतो.

पहिल्या सोप्रानोला वरचे स्वर ओढून गावे लागत असतील तर पट्टी खाली घ्या. पण व्हायोलिन सोबत असेल तर कुठल्या पट्टीत उतरतोय ते पाहा. मूळ पट्टी पांढरी दोन असेल तर अर्धा स्वर उतरून काळी एकमध्ये जाऊ नका, त्यात व्हायोलिनवाल्याचे हाल होतात. पूर्ण एक स्वर उतरून पांढरी एक घ्या. मूळ काळी दोन असेल तर अर्धाच स्वर उतरा, म्हणजे पांढरी दोन मिळेल आणि व्हायोलिनच्या मोकळ्या तारा कामाला येतील.

प्रश्न : मूळ रचनांना व्हायोलिन, व्हायोला, चेलो आणि ऑर्गन लागतो असं वाचलं. आमच्याकडे एक साधा की-बोर्ड, चर्चची जुनी पायपेटी, एक हातपेटी आणि कर्नाटक पद्धतीने व्हायोलिन शिकलेला एक मुलगा आहे. एवढ्यात भागेल का?
— एक वाचक, विजापूर रोड

भागेल, फक्त कोणती ओळ आधी हे ठरवून घ्या. सर्वांत महत्त्वाची बासची ओळ. चेलो आणि ऑर्गनचा डावा हात ती मिळून वाजवत. तिच्यानंतर पहिलं व्हायोलिन, कारण सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा आणि मधल्या जोडण्या त्याच्याकडे असतात. त्यानंतर दुसरं व्हायोलिन, आणि सर्वांत शेवटी व्हायोला. म्हणजे तुमच्याकडे की-बोर्डचा डावा हात बास वाजवील, उजवा हात मधले स्वर भरील आणि तो मुलगा पहिलं व्हायोलिन वाजवील.

पायपेटी आणि की-बोर्ड दोन्ही एकदम वाजवायचे असतील तर आधी ट्यूनर अ‍ॅप लावून पायपेटीची पांढरी सहा तपासा. आजचा नेहमीचा मेळ ४४० हर्ट्झचा, आणि की-बोर्डही सुरू केल्यावर तिथेच असतो. जुन्या पेटीची पत्ती त्याच्या वर किंवा खाली असू शकते. फरक असेल तर लांब स्वरावर आवाज थरथरतो आणि गाणारे दोघांच्या मध्ये कुठेतरी लटकतात. बहुतेक की-बोर्डांवर सूक्ष्म मेळाची सोय असते. तिने की-बोर्ड पेटीला मिळवा. उलटं करायला जाल तर प्रत्येक पत्ती खरवडावी लागेल. हातपेटी तालमीपुरती ठेवा. एक हात भात्यावर अडकल्यावर उरलेल्या एका हाताने चार ओळी होत नाहीत.

की-बोर्डवर तंतुवाद्यांचा आवाज निवडू नका. या उत्तरातलं एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी चालेल. तो आवाज पट्टी दाबल्यावर हळूहळू फुगत येतो. क्वायर त्याची वाट पाहतो, प्रत्येक स्वर केसभर उशिरा लागतो आणि दोन मिनिटांत लय मरते. साधा पाइप ऑर्गन किंवा बासरीसारखा आवाज घ्या. घुमारा कमी ठेवा, थरथर आणि ‘कोरस’ परिणाम बंद करा. तयार ठेका तर नकोच. स्पीकर बास गाणाऱ्यांच्या बाजूला ठेवा, कारण त्या आधाराची सर्वांत जास्त गरज त्या तिघांनाच असते.

ऑर्गनची ओळ काही प्रतींत फक्त बास आणि त्याच्याखाली आकडे अशी मिळते. घाबरू नका. आकडा नसेल तर बासपासूनचा तिसरा आणि पाचवा स्वर वाजवायचा. सहा असेल तर तिसरा आणि सहावा. सहावर चार असे एकाखाली एक असतील तर चौथा आणि सहावा. सात असेल तर तिसरा, पाचवा, सातवा. नुसतीच तीव्र किंवा कोमलची खूण असेल तर ती तिसऱ्या स्वराला लागते. एवढ्या खुणांवर पेटरच्या साध्या रचनांचं बरंचसं पान वाजतं. उजव्या हाताचे स्वर जवळजवळ ठेवा आणि सोप्रानोच्या वर जाऊ नका.

व्हायोलिनबद्दल सांगायचं तर, कर्नाटक मेळात तारा सा-प-सा-प अशा लावलेल्या असतात. इथे खालून वर पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन असा मेळ लागतो. त्याच तारा ओढून किंवा सैल सोडून हा मेळ साधू नका. तुटतील, नाहीतर आवाज मरेल. पाश्चात्त्य मेळाचा तारांचा नवा संच घ्या आणि कार्यक्रमाच्या निदान चार-पाच दिवस आधी चढवा, कारण नव्या तारा पहिले काही दिवस उतरत राहतात. बदलताना एका वेळी एकच तार काढा. चारही एकदम काढल्या तर घोडी निसटते आणि आतली काठी पडते. ती परत उभी करणं कारागिराचं काम आहे. बसण्याची पद्धत बदलायची गरज नाही. खाली मांडी घालूनही ही ओळ वाजते, कारण फार वर सरकावं लागत नाही. गमक मात्र पूर्ण बंद. स्वर सरळ लावायचा आणि सरळ सोडायचा.

सुरुवातीचा वाद्यांचा तुकडा वेळ वाचवायला कापू नका. गाणाऱ्यांना सूर आणि लय तिथूनच मिळते. क्वायरने तो सुरू होण्याआधी उभं राहावं. शेवटच्या दोन मात्रांत उठलात तर बाकांचा खडखडाट आणि पहिली चुकलेली ओळ, दोन्ही हमखास.

प्रश्न : आम्हाला पाश्चात्त्य स्वरलेखन वाचता येत नाही, सरगम येते. सरगममध्ये उतरवून घेतलं तर काय बिघडेल?
— एक वाचक, बाळे

काही बिघडणार नाही, फक्त दोन जागी जपा.

पहिली जागा म्हणजे मधला पट्टीबदल. त्या काळच्या मेजर, म्हणजे सगळे शुद्ध स्वर असलेल्या पट्टीतल्या जवळपास प्रत्येक रचनेत मधला भाग पंचमाच्या पट्टीत जातो. सरगममध्ये उतरवताना तिथे अचानक तीव्र मध्यम दिसायला लागतो. लिहिणारा तो तीव्र म म्हणूनच लिहीत राहिला, तर गाणारे त्याला यमनातल्यासारखं घेतात. खालून मींड घेत, पंचमाकडे झुकवत. स्वर ढिला पडतो आणि ऑल्टोशी जुळत नाही. त्याऐवजी पहिला तीव्र म येण्याच्या एक-दोन स्वर आधी, जो पंचम दोन्ही पट्ट्यांत बसतो त्याच्याखाली कागदावर दोन्ही नावं लिहा : जुना प, नवा सा. तिथून पुढे तो तीव्र म शुद्ध नी होतो आणि सगळ्यांचा बरोबर लागतो. परत येतानाही असंच करा.

दुसरी जागा छोट्या अक्षरात छापलेल्या स्वरांची. मोठ्या स्वराच्या आधी एक बारीक स्वर दिसला की आपला गायक तो कणस्वर समजून झटकन उडवतो. अठराव्या शतकातल्या या शैलीत तो बहुधा लांब असतो. मुख्य स्वराची निम्मी लांबी तो घेतो, उरलेली निम्मी मुख्य स्वराला मिळते. मुख्य स्वरापुढे टिंब असेल तर बारीक स्वराला दोन तृतीयांश, मुख्य स्वराला एक तृतीयांश. वजनही बारीक स्वरावर द्यायचं आणि मुख्य स्वर हलका सोडायचा. पेटरच्या ओळींचा सगळा हळवेपणा या टेकलेल्या स्वरात आहे. तो कणासारखा उडवला की ओळ शाळेच्या प्रार्थनेसारखी सपाट होते. सरगममध्ये लिहिताना बारीक स्वर बारीक लिहूच नका. दोन मात्रांचा स्वर असेल तर एक-एक मात्रा सरळ वाटून लिहा, म्हणजे चुकायला जागाच उरणार नाही.

प्रश्न : जर्मन गायचं की मराठी? मराठी शब्द बसवले तर मूळ रचनेचा अपमान होईल का?
— एक वाचक, जुळे सोलापूर

अपमान कसला? यातले पुष्कळसे शब्द बायबलच्या वचनांतून आलेले आहेत. मोरेव्हियन मंडळीत रोजच्या वचनाची पुस्तिका १७३१ पासून दरवर्षी निघते, आणि त्या दिवसाच्या किंवा सणाच्या वचनावर रचना करायची ही त्यांची रीतच होती. पेटरच्या सुरुवातीच्या रचनांपैकी एक स्तोत्र २५ च्या पाचव्या ओवीवर आहे, दुसरी एक यशया ५५ मधल्या सार्वकालिक कराराच्या वचनावर. ही वचनं मंडळीला कळावीत हाच हेतू. त्यासाठीच तो चारही आवाजांना बहुतेक वेळ एकाच वेळी एकच अक्षर देतो.

प्रश्न उरतो तो अक्षरांच्या हिशेबाचा. पेटरच्याच काळातला मोरेव्हियन संगीतकार क्रिस्टियान ग्रेगोर याच्या ‘होझियाना’चंच पाहा. जर्मन शब्दाची चार अक्षरं, आपल्या होसान्नाची तीन. इंग्रजी रूपही तीनच अक्षरांचं असल्यामुळे इंग्रजी आवृत्तीत स्वर आधीच तसे जोडून घेतलेले असतात, म्हणून मराठीसाठी तीच प्रत पायाला घ्या. पुढची जर्मन ओळ ‘डेर दा कॉम्ट इम नामेन डेस हेर्न’ ही आठ अक्षरांची. ‘परमेश्वराच्या नावाने येणारा’ म्हणाल तर बारा होतात आणि प्रत्येक लांब स्वर फोडावा लागतो. ‘जो येतो प्रभूच्या नावे’ म्हणा. बरोबर आठ. जर्मनमध्ये वजन तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या अक्षरावर आहे. मराठीत तिथे ‘तो’, ‘भू’, ‘वे’ ही तिन्ही दीर्घ अक्षरं येतात, आणि ऱ्हस्व ‘प्र’ हलक्या जागी पडतो.

इतर ओळींनाही हीच कसोटी लावा : ठोक्याच्या जागी दीर्घ अक्षर यावं. एक लांब स्वर फोडून दोन अक्षरं बसवली तर चालतं. पण एका अक्षरावर धावणारे तीन-चार स्वर फोडून तिथे शब्द कोंबू नका. आणि शब्द चारही ओळींना एकत्र बसवा. सोप्रानोचे शब्द आधी ठरवून बाकीच्यांना ‘तुम्ही जमवून घ्या’ म्हटलं की बासच्या तोंडी विचित्र तुकडे येतात.

प्रश्न : झावळ्यांच्या रविवारी (ईस्टरच्या आदल्या रविवारी) शब्बाथशाळेच्या मुलांना सोबत घेऊन काही करायचं आहे. पेटरचं काय घ्यावं?
— शब्बाथशाळेचे एक शिक्षक, होटगी रोड

सर, पेटरचं नका घेऊ. वर आलेलं ग्रेगोरचं ‘होसान्ना’ घ्या. क्रिस्टियान ग्रेगोर (१७२३–१८०१) हेर्नहूटचा ऑर्गनवादक आणि पुढे बिशप. मोरेव्हियन मंडळीचा १७७८ चा गीतसंग्रह आणि १७८४ चा सुरावटींचा संग्रह त्यानेच सिद्ध केला. पेटर १७७० मध्ये अमेरिकेला आला त्याच वर्षी ग्रेगोरही तिकडे दौऱ्यावर गेला होता. त्याचं होसान्ना मोरेव्हियन चर्चमध्ये आगमनकाळात (नाताळच्या आधीच्या आठवड्यांत) आणि झावळ्यांच्या रविवारी गातात. रचना सवाल-जवाबाची आहे. एक गट तुकडा म्हणतो, दुसरा उत्तर देतो आणि शेवटी दोन्ही एक होतात. मुलांना यात मजा येते, आणि त्यांच्या वाट्याचे तुकडे एका श्वासात बसण्याजोगे आहेत.

आठ ते बारा वयाची पंधरा-वीस मुलं पुरेत. त्यांना मागे, दाराजवळ किंवा गॅलरी असेल तर तिथे उभं करा, मोठे पुढे. इथे एक गोम आहे. मार्च-एप्रिलच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५० मीटर जातो. वीस मीटर अंतर कापायला त्याला सेकंदाचा सतरावा-अठरावा भाग लागतो. ऐकायला किरकोळ, पण मिनिटाला शंभर ठोक्यांच्या लयीत हा ठोक्याचा जवळजवळ दहावा हिस्सा. मुलं पुढच्या क्वायरचं ऐकून गायली तर एवढा उशीर, आणि क्वायर मुलांचं ऐकून उत्तर द्यायला लागला तर त्यावर आणखी तितकाच. आठ-दहा तुकड्यांत लय बसत जाते. म्हणून मुलांपाशी एक मदतनीस उभा करा. त्याने कानावर न जाता पुढच्या संचालकाच्या हाताकडे पाहून ताल द्यायचा आणि मुलांनी त्याच्याकडे पाहायचं. लय मिनिटाला ८०-८४ ठोक्यांच्या आसपास ठेवली तर हे आणखी सोपं जातं.

मिरवत येताना गाऊ नका. पावलागणिक अंतर बदलतं आणि कुणालाच धड ऐकू येत नाही. आधी जागेवर या, झावळ्या खाली धरा, मग गा. वीस झावळ्यांची सळसळ वीस मुलांचा आवाज सहज खाऊन टाकते. शेवटच्या एकत्र होसान्नाला त्या वर करायला हरकत नाही.

सोलापूरच्या उन्हाबद्दल वेगळं काय सांगावं! त्या तीन-चार मिनिटांपुरते पंखे बंद करणं सर्वांत बरं. ते जमत नसेल तर कागद पुठ्ठ्यावर चिकटवा किंवा कपड्याचे चिमटे लावा. व्हायोलिन उभ्या गाडीत किंवा खिडकीच्या उन्हात ठेवू नका, तापून सरस सुटतो आणि फळी उकलते. उकाड्यात तारा उतरतात, तेव्हा उपासनेच्या आधी लावलेला मेळ गाण्याच्या लगेच आधी पुन्हा तपासा.

प्रश्न : स्वरलिपी कुठे मिळेल? झेरॉक्स काढली तर चालेल का?
— एक वाचक, सोलापूर

मोरेव्हियन म्युझिक फाउंडेशन ही संस्था १९५६ मध्ये अमेरिकेतल्या विन्स्टन-सेलम इथे स्थापन झाली. जुन्या हस्तलिखितांची देखभाल तीच करते. चौकशीची सुरुवात तिथून करा. पेटर १८१३ मध्ये आणि ग्रेगोर १८०१ मध्ये वारले, त्यामुळे मूळ संगीतावर कुणाचाच हक्क उरलेला नाही. पण हस्तलिखितावरून आज तयार केलेली आवृत्ती, तिचं इंग्रजी भाषांतर, ऑर्गनसाठी नव्याने भरलेले स्वर, यांवर संपादकाचा किंवा प्रकाशकाचा हक्क असू शकतो. पानाच्या तळाची ओळ वाचा. ‘मोकळेपणाने प्रती काढाव्यात’ असं स्पष्ट लिहिलं असेल तरच झेरॉक्स काढा, नाहीतर माणशी एक प्रत विकत घ्या. तुमचे गाणारे सतरा असतील तर वीस-एकवीस प्रती धरा : गाणाऱ्यांच्या सतरा, संचालकाची एक, की-बोर्डची एक, आणि हरवणारी एक-दोन. व्हायोलिनची ओळ बहुधा वेगळी मागावी लागते. ती राहून गेली की पहिल्या तालमीलाच घोळ होतो.

प्रश्न : तालमी किती लागतील?
— त्याच ताई, रेल्वे लाईन्स

तीन-चार मिनिटांच्या एका रचनेला सव्वा-सव्वा तासाच्या पाच-सहा तालमी. पहिल्या दोन फक्त स्वरांच्या, ‘ला’ किंवा सरगमवर. तिसऱ्या तालमीत शब्द. चौथ्यापासून व्हायोलिन आणि की-बोर्ड, आणि शेवटची चर्चमध्येच, उभं राहायच्या जागी. शब्द पहिल्याच दिवशी दिले की लोक शब्द पाठ करतात आणि स्वर अंदाजाने म्हणतात. त्या चुका पुढे निघता निघत नाहीत. पहिल्या वर्षी पेटरची एकच रचना घ्या. तीन अर्धवट बसवलेल्या ऐकवण्यात काही अर्थ नाही.

थोडक्यात

*४ जुलैशी पेटरचा काय संबंध?* स्वातंत्र्ययुद्ध संपल्यावर नॉर्थ कॅरोलायना राज्याने ४ जुलै १७८३ हा दिवस उपकारस्तुतीसाठी ठरवला. सेलममध्ये तो संगीताने पाळला गेला आणि त्या दिवसाचा ‘आनंदस्तोत्र’ हा कार्यक्रम पेटरने जुळवला.

*मोरेव्हियन मंडळींच्या प्रेमभोजनात (एकत्र खाण्याच्या उपासनेत) गाणं आधी की खाणं आधी?* दोन्ही बरोबर. साधा बन आणि कॉफी किंवा चहा वाटला जातो आणि मंडळी खात असताना क्वायर गातो. आपल्याकडे बनपाव आणि चहा चालेल. कप मात्र कागदी घ्या, नाहीतर कपबशांचा आवाज गाण्यावर चढतो.

*भारतात मोरेव्हियन मंडळी कधी आली होती का?* हो. १७६० मध्ये तमिळनाडूतल्या त्रंकेबारला आली, ते काम पुढे बंद पडलं. लाहौलमधल्या केलाँग इथे १८५० च्या दशकात आणि लेहला १८८५ मध्ये त्यांचं ठाणं झालं. लेहची मंडळी आजही आहे.

*ईस्टरच्या पहाटे ट्रॉम्बोन वाजवतात असं ऐकलं. आमच्याकडे लग्नाच्या बँडमधले दोन ट्रम्पेटवाले आणि एक युफोनियमवाला तयार आहेत. चालतील?* चालतील. मोरेव्हियन रिवाजात सोप्रानो, ऑल्टो, टेनर आणि बास अशा चार आकारांचे ट्रॉम्बोन चार आवाजांची सुरावट वाजवतात. पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेममध्ये ही प्रथा १७५४ पासून आहे. पहाटेची उपासना १७३२ मध्ये हेर्नहूटच्या दफनभूमीत सुरू झाली. तुमच्या तिघांनी सोप्रानो, ऑल्टो आणि बास वाजवावं, टेनर सोडावा. बँडचे ट्रम्पेट बी-फ्लॅट जातीचे असतात, म्हणून त्यांची ओळ एक पूर्ण स्वर वर लिहून द्या. पांढरी एक ऐकू यायला हवी असेल तर कागदावर पांढरी दोन. युफोनियमवाला ट्रम्पेटसारखीच वरची लिपी वाचत असेल तर त्याला एक सप्तक आणि एक स्वर वर लिहून द्यावं लागतं. खालच्या, म्हणजे बासच्या लिपीत वाचत असेल तर आहे तसंच. वाजवायच्या पाव तास आधी तिघांनी वाद्यात फुंकून ती गरम करावी आणि मग एकमेकांना मिळवावी. थंड नळीत लावलेला मेळ दुसऱ्या कडव्यापर्यंत वर चढतो.